चुकली असेल तारीख

"तारीख नक्की आठवते ना?" डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरची नजर न हलवता विचारलं. "तुमच्या हिशेबाने नऊ आठवडे व्हायला हवेत. इथे गर्भ सहाचाच दिसतोय. ठोकेही सापडत नाहीयेत. इतक्या लहान गर्भात कधी कधी दिसत नाहीत म्हणा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा बघू."

नवऱ्याच्या कानात एकच शब्द उरला. सहा. तो बोटीच्या इंजिनरूममध्ये कामाला होता. दीड महिना समुद्रावर काढून परवाच घरी आला होता. गर्भ नऊ आठवड्यांचा असेल, तर त्याचा. सहाचा असेल, तर दिवस राहिले तेव्हा तो इथे नव्हताच.

घरी आल्यावर बायकोने बोलणंच टाकलं. ताट पुढ्यात घेऊन नुसती बसून राहायची. रात्री भिंतीकडे तोंड करून जागी असायची. त्याच्या मनात पाल चुकचुकली, ती चुकचुकतच राहिली. त्याच्या ताईने फोनवर थट्टा केली, "बापावर गेलंय पोर. सगळीकडे उशीर!" त्याला हसू आलं नाही.

शेवटी न राहवून त्याने विचारलं, "तुला तारीख खरंच आठवत होती?"

"चुकली असेल रे," ती घाईघाईने म्हणाली. "माझीच चुकली असेल. चुकलेलीच असू दे."

तिच्या आवाजातली अजिजी त्याने ऐकली. चोरी पकडली गेल्यावर माणूस असाच बोलतो, असं त्याला वाटलं. त्याने आपली उशी उचलली आणि बाहेरच्या खोलीत नेऊन टाकली. का, म्हणून तिने विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या तपासणीला डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि बायकोचा हात हातात घेतला.

"तारीख तुमची बरोबरच होती," त्या म्हणाल्या.

नवऱ्याच्या तोंडून श्वास सुटला. मोठा, मोकळा. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"बाळाची वाढच सहाव्या आठवड्यात थांबली होती. खूप वाईट वाटतंय मला."

त्याने चमकून वर पाहिलं. बायको रडत नव्हती. ती मान वळवून त्याच्याचकडे बघत होती.

"म्हणजे इतके दिवस," ती म्हणाली, "तू हे मोजत होतास?"