किती आणि कसली

"किती?" डॉ. उमाकांतांनी विचारलं.

"नव्वद," क्षमा म्हणाली. ती गच्चीच्या दारातच भिंतीला पाठ लावून उभी होती. ओठ पांढरेफटक पडले होते. तिचा नवरा यशोवर्धन तिचा दंड धरून शेजारी उभा होता. दंड सोडून त्यानं वहीत आकडा लिहिला आणि पुन्हा धरला.

जे. पी. नगरमधली ही चार मजली इमारत त्र्याण्णव साली बांधलेली. लग्न होऊन क्षमा इथं आली आणि गच्चीच्या नावानंच तिला कापरं भरू लागलं. आधी ती मल्लेश्वरमच्या दवाखान्यात डॉ. संध्यांकडे जायची. बाई नुसत्या ऐकायच्या. 'भीती कसली वाटते?' एवढंच विचारायच्या आणि तासभर गप्प बसायच्या. दोन महिन्यांनी क्षमा कुठं बोलायला लागली, तोच यशोवर्धननं तिला शेजारच्या खोलीत उमाकांतांकडे आणलं.

"शाळेत असताना ही नंदी डोंगराच्या कड्यावर बसून डबा खायची म्हणे," सोपवताना संध्याबाई म्हणाल्या होत्या. "जरा विचारून पाहा."

उमाकांतांना असल्या उकरण्याचा कंटाळा होता. भीती कसली हे शोधत बसायचं नाही. किती ते शंभरात मोजायचं आणि एकेक पायरी चढवत ती उतरवायची. अशी कितीतरी माणसं त्यांनी बरी केली होती. पण सहा आठवडे झाले तरी क्षमाचा आकडा नव्वदीखाली येईना.

खालून वॉचमननं हाक मारली. यशोवर्धनची स्कूटर गेटात आडवी आली होती. तो नाइलाजानं वही ठेवून खाली गेला.

"चला क्षमाअक्का, स्वल्प, थोडंसं पुढं," उमाकांत म्हणाले.

ती चालू लागली. गच्चीच्या मध्यापर्यंत, मग थेट कठड्यापर्यंत. तिनं वाकून चार मजले खालचा रस्ता पाहिला.

"किती?"

"दहा."

उमाकांतांनी आनंदानं वही उचलून आकडा लिहिला. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. यशोवर्धन धापा टाकत वर आला आणि तिला कठड्याशी पाहून हसला.

"आता शेवटची पायरी," उमाकांत म्हणाले. "मी खाली जातो. तुम्ही दोघंच थांबा इथं."

"सरी, अण्णा, चालेल," यशोवर्धन म्हणाला आणि तिच्या मागं जाऊन उभा राहिला.

जिन्याच्या दारातून उमाकांतांनी सवयीनं वळून विचारलं, "किती?"

क्षमा रस्त्याकडे पाहत नव्हती. नवऱ्याच्या हातांकडे पाहत होती.

"शंभर," ती म्हणाली.