धाकट्याची जागा

गुहेतल्या दगडावर तळवा टेकवून आत्यानं पूर्वजांची नावं घेतली. शेवटचं नाव आपल्या आईचं घेतलं. पुढचा मान धाकट्या भावाचा, त्याला हाक मारायची होती. आत्यानं तोंड मिटलं.

"आत्या, मार ना बाबांना हाक," भाची म्हणाली. "बघ किती छान जागा आहे. झरा आहे, सावली आहे."

"म्हणूनच नाही," आत्या म्हणाली आणि चपला घालून गाडीकडे निघाली.

त्यांच्या जमातीत मेलेल्या माणसाला घरातल्या थोरल्यानं पूर्वजांच्या दगडाजवळ हाक मारायची असते. हाक एकदाच. जिथं ती पडेल, तिथं तो माणूस कायमचा बसतो. नाहीच पडली, तर वाऱ्यावर फिरत राहतो. बाबा जाऊन वर्ष झालं होतं आणि घरात थोरली म्हणून ही एकटी आत्या उरली होती. म्हणून तर शाळेची बस चालवणाऱ्या भाचीनं रजा काढली, गाडी मागून आणली आणि जुन्या जागा पाहायला आत्याला शेजारी बसवलं.

भाऊबहिणीचं का बिनसलं, ते तिला उडत उडत माहीत होतं. बाबांनी कुठलासा डोंगर खाणवाल्याला देऊन टाकला होता. त्यानंतर आत्यानं त्यांचं तोंड पाहिलं नाही, शेवटच्या दिवशीसुद्धा नाही. पण मरणानं वैर संपतं म्हणतात. भाची त्याच आशेवर गाडी हाकत होती.

दुसरी जागा माळावर होती. उभ्या दगडांचं रिंगण, वर मोकळं आभाळ. तिथंही आत्या मूग गिळून बसली. भाची हातापाया पडली.

"तुला त्यांची जराही दया येत नाही?"

"कडेवर घेऊन वाढवलाय मी त्याला," आत्या म्हणाली. "तू मला त्याची माया शिकवू नकोस. चल, अजून एक जागा आहे."

दुपारी गाडी खडीच्या रस्त्याला लागली. काचेवर पांढरी धूळ बसू लागली. समोर डोंगर होता, म्हणजे त्याचा अर्धा भाग होता. उरलेला वरपासून खालपर्यंत कापून नेला होता. रस्त्याच्या कडेला पूर्वजांचा एकच उंच दगड राहिला होता. त्याला खाणवाल्यांनीच कुंपण घातलं होतं आणि पाटी लावली होती : 'प्राचीन वारसा. कृपया जपा.' घर धुऊन नेल्यावर चोरानं दाराला कुलूप लावावं, तशी.

आत्या कुंपणाच्या आत शिरली. तळवा टेकवून तिनं नावं घेतली. आईच्या नावाशी थांबली. मग मान ताठ करून तिनं खणखणीत हाक मारली, "धाकट्या, ये. बस इथं."

भाचीला रडू फुटलं. तिनं आत्याला मिठी मारली. "माफ केलंस ना गं त्यांना?"

आत्यानं तिचे हात सोडवले आणि कापलेल्या डोंगराकडे बोट दाखवलं. तिथं यंत्र घरघरत होतं.

"आमची आई तिथं वर बसली होती. तिच्या दगडाची खडी झाली. आपण आलो त्या रस्त्यातच कुठंतरी ती असेल." तिनं पदरानं हातावरची धूळ पुसली. "आता हा इथं बसेल, तिच्या जागेकडे तोंड करून. कायमचा. आणि त्याला मान वळवता यायची नाही."