पुडिंगचा तिसरा गुन्हा

"ए ह्यू! झोपलास का काय? काठी चालव जरा!"

मुख्य राखणदार थर्केटलचा आवाज झुडपांवरून आला तशी ह्यूने घाईघाईने काठी आपटली. फेझंट पक्षी काही निघाला नाही. उलट एक काटेरी फांदी उसळून त्याच्याच कानशिलावर बसली. शेजारी धापा टाकत चाललेला गलेलठ्ठ बर्टी खो खो हसला.

"हसू नकोस," ह्यू म्हणाला. "तुझी पँट मागून फाटलीय."

बर्टीचं हसू जागच्या जागी थांबलं.

इंग्लंडातल्या नॉरफोकमधला जानेवारी सरत आला होता. हंगामातली ही शेवटची शिकार. ह्यूचे बूट चिखलाने जड झाले होते, तळहातांना फोड आले होते, पण त्याचं सगळं लक्ष पायाशी चाललेल्या पुडिंगकडे होतं. पुडिंग म्हणजे त्याची तपकिरी-पांढरी स्पॅनियल कुत्री. नाक असं तेज, की ओल्या पाचोळ्याखाली दडलेला पक्षीही हुडकून काढील. अक्कल मात्र देवाने द्यायचीच राहिली होती.

हाक्यात रान उठवायचं ते हळूहळू. म्हणजे पक्षी थोडे थोडे उडतात आणि पलीकडे उभ्या असलेल्या बंदूकवाल्यांना नेम धरता येतो. एखादं कुत्रं हुकमाविना पुढे धावलं, की सगळा थवा एकदम उठतो आणि सगळ्यांची मेहनत पाण्यात जाते. एका हंगामात तीनदा असं करणाऱ्या कुत्र्याला पुढच्या हंगामात रानात मज्जाव, असा मालकांचा नियम होता.

पुडिंगने पहिला पराक्रम ऑक्टोबरात सलगमच्या शेतात केला. दुसरा नाताळच्या दुसऱ्या दिवशी, गावातले सगळे पाव्हणे बघत असताना. आता तिसरा झाला तर संपलंच. तिला घरी बांधून आपण एकट्यानेच रानात यायचं, हा नुसता विचारही ह्यूला सोसवत नव्हता.

दुपारी सगळे कोठारात जेवायला जमले. ह्यूने सॉसेज रोलच्या ताटाकडे हात नेला, तो थर्केटलने बाजूला सारला.

"आधी बंदूकवाले. तू थांब."

ह्यू निमूटपणे थांबला. मग म्हणाला, "पुडिंग आज कशी शहाण्यासारखी वागतेय बघितलंस ना?"

"अजून एक हाका बाकी आहे."

"समजा, झालंच काही. मालक समजून घेतील की."

कोठारात हशा पिकला.

"मालक?" डोरीन म्हणाली. डोरीन गावात टपाल वाटायची. कोटाच्या लांब बाह्या वर सारत, बंदूक भिंतीला टेकवून ती सूप पीत होती. "गेल्या वर्षी माझ्या निपर कुत्र्याला रानातून घालवलं तेव्हा मालकांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. म्हणे, नियम म्हणजे नियम."

ती हसत होती, पण तिचे डोळे हसत नव्हते.

"निपर कसा आहे आता?" ह्यूने हळूच विचारलं.

"दाराशी बसून असतो. इकडून बार ऐकू आले की कान टवकारतो. मग माझ्याकडे बघतो." तिने रोलचा तुकडा पुडिंगपुढे टाकला. "खा गं बाई. तुझं काय चुकलंय?"

 ह्यूला मनापासून वाईट वाटलं आणि ते लपवताही येईना.

शेवटचा हाका वरच्या रानात होता. हाकारे एका रांगेत, काठ्या आपटत पुढे सरकत होते. रानाच्या टोकाशी फेझंट दाटीवाटीने दबून बसले असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुडिंग थरथरत होती, पण ह्यूचा पाय सोडून हलत नव्हती.

"शाबास," ह्यू पुटपुटला. "बस्, एवढं निभाव, माझ्या सोन्या."

तेवढ्यात बर्टीच्या पायाखालून ससा निघाला.

पुढचं सगळं क्षणात घडलं. पुडिंग सशामागे, ह्यू पुडिंगमागे, ह्यूमागे थर्केटलच्या शिव्या. ससा राहिला बाजूला. शेकडो फेझंट एकदम आभाळात उठले. पलीकडे बंदुका भांबावून धडाडल्या. डोरीनने कसाबसा एक पाडला, बाकीचे मजेत शेजारच्या रानात निघून गेले.

हाका संपल्याचा भोंगा वाजला. पुडिंग जीभ बाहेर काढून, शेपूट हलवत, फार मोठं काम केल्याच्या थाटात परत आली.

"तीन," थर्केटल म्हणाला.

"अरे, पण ससा आला मध्ये! तूच सांग, कुठल्या कुत्र्याला—"

"निपरच्या वेळीही ससाच आला होता."

 हे ह्यूला माहीत नव्हतं. गेल्या वर्षी त्याने कुणाला विचारलंच नव्हतं. पुडिंगच्या गळ्यात साखळी अडकवून तो चिखल तुडवत डोरीनपाशी गेला.

"डोरीन, पुढच्या वर्षी माझी येणार असेल, तर तुझा निपरही आला पाहिजे. नाहीतर दोघंही घरी."

"बोलायला सोपं आहे रे," डोरीन म्हणाली. "मालकांना कोण सांगणार?"

थर्केटलने घड्याळात पाहिलं आणि दिवस संपल्याची शिट्टी दिली. हाकाऱ्यांनी बंदुका धरायच्या आणि बंदूकवाल्यांनी झुडपं बडवायची, असा वर्षातला हा एकच दिवस असतो, तो संपला. डोरीनने काडतुसं काढून बंदूक ह्यूच्या हातात परत दिली आणि त्याच्याकडून आपली काठी घेतली. थर्केटलने सकाळपासून पहिल्यांदाच टोपी काढली.

"मग काय ठरलं?" त्याने ह्यूला अदबीने विचारलं. "दोन्ही कुत्र्यांना माफी द्यायची ना, मालक?"