लाली गेल्यावर

महाविद्यालय तपासायला आलेल्या समितीने वरची श्रेणी दिली, की प्राचार्य धामणस्करांचं कुलगुरूपद पक्कं होतं. प्रयोगशाळा पाडून त्यांनी कधीच सभागृह बांधलं होतं. प्रयोग सगळे बोटाने चालवायच्या पडद्यावर. तरी पाहुण्यांना जुनी गंमत दाखवावी म्हणून त्यांनी अडगळीतला खरा बर्नर काढला आणि वर्गात पहिल्या येणाऱ्या रेवाला पुढे केलं.

रेवाने काचेची नळी ज्योतीत धरून सुबक वाकवली आणि खाली ठेवली. लाली ओसरताच तिने ती तापल्या जागीच चिमटीत धरून उचलली. ती किंचाळली.

"अगं, भाजतं ते!" प्राचार्य ओरडले.

"लाली जाईपर्यंत थांबले होते, सर! पडद्यावर लाली गेली की काच गार होते."

"खरी काच तापलेलीही गारच दिसते," रसायनशास्त्राच्या साळवी मॅडम प्राचार्यांवर कडाडल्या, "पण हे तिला शिकवायला काच ठेवलीत कुठे तुम्ही?"

समितीने काजूकतली खाता खाता शेरा लिहिला: खरी उपकरणं धोक्याची, पडद्यावरचे प्रयोग स्तुत्य. श्रेणी वरचीच मिळाली.

पुढच्या महिन्यात प्रात्यक्षिक परीक्षेत पडद्याने रेवाची पट्टीतली बोटं ओळखलीच नाहीत. धामणस्करांना पद मिळालं, समितीला पाहुणचार मिळाला. किंमत रेवाच्या हाताने मोजली, आणि नापासही तीच झाली.