न उघडलेला निकाल

दोन पेठांचा फुटबॉल सामना संपला, तरी गेटबाहेर रेफ्री केतकीच्या नावाने शिव्या चालूच होत्या. रेफ्रींच्या खोलीत बसलेल्या सरनोबत सरांनी कान टवकारले. रेफ्रीच्या कानातलं यंत्र निकाल सांगायला लागल्यापासून कोल्हापुरात त्याला कुणी शिव्या देत नसे. यंत्र चुकत नाही, हे सगळ्यांनी मान्य केलं होतं. नव्या पोरापोरींना सरांनी शिकवायचं ते एवढंच: आवाज आला की हात वर करायचा. त्या शिकवण्याचा त्यांना वीट आला होता.

केतकी आत आली आणि बुटांसकट बाकावर बसली.

"यंत्र बंद पडलं होतं, सर. कानातला दिवा विझलेला पब्लिकनं बघितला. पण मला पाय घातलेला दिसला, म्हणून मी पेनल्टी दिली."

"दिसला न्हवं? मग झालं."

"पण बरोबर होती का?"

कानातलं यंत्र बंद पडलं, तरी मैदानावरच्या कॅमेऱ्यांनी त्या पेनल्टीचा काढलेला निकाल सरांच्या टॅबलेटवर येऊन पडला होता. बोट लावायचा अवकाश, की कळणार होतं. सरांनी थकल्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि निकाल न उघडताच पुसून टाकला.

"सर, आता कसं कळणार?"

"न्हाई कळणार. आमच्या वेळी कुणालाच कळत न्हवतं. तसंच घरी जाऊन झोपायचो आणि पुढच्या सामन्याला परत शिट्टी घेऊन उभं ऱ्हायचो." सर गुडघ्यावर हात टेकून उठले. "चल, बूट काढ. तुझं शिक्षण आज सुरू झालं."