सगुणाची प्रार्थना

चर्चमध्ये उपदेश करता करताच पाळक शांतवन भालेराव भोवळ येऊन पडले. "आजार नाही, थकवा आहे. आता सक्तीची विश्रांती," डॉक्टरांनी बजावलं. वर्षानुवर्षं लोकांच्या सुखदुःखाला धावून धावून माणूस पार दमून गेला होता.

महिन्याभरात अंगात थोडी ताकद आली, पण प्रार्थना काही परतली नाही. त्या संध्याकाळीही त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि नुसतेच बसून राहिले. "शब्दच येत नाहीत गं," ते बायकोला म्हणाले.

"मग आज मी करते," सगुणा म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात पाळकांपुढे मोठ्याने प्रार्थना करायचं तिचं कधी धाडस झालं नव्हतं. डोक्यावर पदर घेऊन ती एका दमात बोलली, "हे प्रभू, यांना चार घास जास्त जाऊ देत. रात्री शांत झोप लागू दे. आणि मंडळीतलं कुणी यांना बोलवायला निघालं, तर त्याला वाटेतूनच माघारी पाठव. आमेन."

कितीतरी दिवसांनी शांतवन खळखळून हसले. हसता हसता डोळे भरून आले. त्यांनी तिचा हात हातात घेतला, पुन्हा डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रभू, हिचं ऐक."