वळण

मेथीचा लगदा टाळूवर थापला गेला आणि उत्कर्षाला कळून चुकलं, की आता सुटका नाही. डोकं धुवावंच लागणार, आणि तेही सासूच्या हातून.

"हलू नगंस. डोळ्यांत जाईल," मथुराबाई म्हणाल्या. मुंढव्यातल्या बंगल्याच्या मागच्या न्हाणीत त्यांनी सुनेला पाटावर बसवलं होतं आणि वारं लागू नये म्हणून दाराला आतून कडी घातली होती.

"आई, मला दहाला मीटिंग आहे. मी धुते ना माझे मी."

"मीटिंगला काम बघत्यात का केस?"

पाच महिन्यांपूर्वी कसबा पेठेत तिला बघायला पाहुणे आले, तेव्हा मावशीने तासभर तिच्या केसांवर स्ट्रेटनर फिरवला होता. सासरे आप्पासाहेब पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाले होते, "पोरगी सरळ हाय. केसांवरनंच कळतं. कुरळ्या केसांची बाई घर फोडती, आमची आजी म्हणायची." सगळे हसले. मावशी जरा जास्तच हसली. त्या हसण्यात उत्कर्षा अडकली ती अडकलीच. लग्न झाल्यापासून रोज पहाटे पाचला, नवरा विक्रम घोरत असताना, बाथरूमचं दार लावून तिचा स्ट्रेटनर तापायचा. डोकं धुतलं की बाहेर यायला सव्वा तास. 'पेठेतली पोरगी, चालायचंच,' म्हणून घराने ते सोडून दिलं होतं.

आज मात्र एक अख्खी बटच तुटून स्ट्रेटनरला चिकटली. करपल्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि दारावर थाप पडली. मथुराबाईंनी आधी बट पाहिली, मग स्ट्रेटनर. "इस्त्री कपड्यांना करत्यात," एवढंच म्हणाल्या आणि कुंडीतली कोरफड कापायला गेल्या. संध्याकाळी विक्रमच्या आतेबहिणीचा साखरपुडा होता. सगळं गणगोत जमणार होतं.

मेथी चांगली फुगून, लोण्यासारखी वाटलेली होती. म्हणजे रात्रीच भिजत घातलेली. बट तर आज सकाळी तुटली. हे उत्कर्षाच्या मनात येऊन गेलं, पण भीतीपुढे तिकडे लक्ष कोण देतो? तिला दिसत होते आप्पासाहेब, कसब्यात तिच्या माहेरी फोन लावताना. खोटी पोरगी गळ्यात मारली म्हणून तिच्या आईला काय काय ऐकावं लागेल ते तिला ऐकूही यायला लागलं होतं. रडू येत होतं, पण ओघळत्या लगद्याखाली धड रडायचीही सोय नव्हती.

अर्ध्या तासाने मथुराबाईंनी कोमट पाण्याचा तांब्या ओतला. एक, दोन, पाच. उत्कर्षाने डोळे घट्ट मिटून घेतले. पाणी वाहून गेलं आणि केसांनी जे करायचं तेच केलं. मुळापासून चार बोटं गोल गोल होऊन वर चढले. खालची टोकं मात्र सुतळीसारखी लोंबत राहिली.

मथुराबाई जुन्या धोतराचं मऊ फडकं घेऊन केस टिपू लागल्या. पिळले नाहीत, झटकले नाहीत. मुठीत धरून खालून वर दाबत गेल्या. कंगवा शेजारी होता, त्याला त्यांनी हातही लावला नाही. एकेक बट बोटांनी सोडवली. असे केस फक्त उत्कर्षाची आई टिपायची.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "तुम्हाला..."

"झालं का न्हाणं?" बाहेरून आप्पासाहेबांचा आवाज आला. "दुपारच्याला निघायचंय!"

"न्हाऊ द्या की!" मथुराबाई दाराकडे ओरडल्या. मग डोक्यावरचा पदर त्यांनी मागे सारला आणि कानामागची एक पिन काढली. तेलाने चप्प बसलेल्या केसांतून एक पिकली बट सुटली आणि बोटाभोवती गुंडाळल्यासारखी वर उडाली.

उत्कर्षा बघतच राहिली. मग एकदम मोकळं हसू तिच्या ओठांवर आलं. लग्नानंतर पहिल्यांदा तिला त्या घरात कुणीतरी आपलं वाटलं. "आप्पांना माहीत आहे?"

"म्हायती असून काय करायचं? दिसत न्हाय तवर न्हाय." मथुराबाईंनी बट आत खोचली, पिन लावली. "पस्तीस वर्सं झाली. बस नीट."

त्यांनी कातरीने जळकी टोकं उडवली. खोबरेल तेलाची अख्खी वाटी तिच्या डोक्यावर रिकामी केली, तळव्यांनी दाबून दाबून केस चापून बसवले, कानामागे एक पिन खोचली आणि मानेवर आंबाडा असा आवळला, की उत्कर्षाच्या भुवया ताणून वर गेल्या.

"आई, दुखतंय."

"दुखतंय पहिलं वरीसभर," मथुराबाई मायेने म्हणाल्या. "पर जळत तर न्हाईत. ती इस्त्री दे टाकून."

उत्कर्षाचं हसू ओठांवरच राहिलं. कपाळ ताणल्यामुळे ते मिटवणंही जड जात होतं. मथुराबाईंनी कडी काढली आणि दोघी बाहेर आल्या, पुढे सासू, मागे सून.

आप्पासाहेब व्हरांड्यात पेपर घेऊन बसले होते. त्यांनी चष्म्यावरून एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. दोन चकचकीत आंबाडे. ते मनापासून खूश झाले.

"वा! सासूच्या वळणावर गेलीस की गं, पोरी!"

मथुराबाईंचा हात आपसूक कानामागच्या पिनेवर गेला. उत्कर्षाचाही.